हाक न मारलेलं पोर

मंगळवार, ७ जुलै

पोचलो एकदाचे! तीन विमानं, चार तासांची बस, मध्येच त्या बससकट फेरीबोट, आणि शेवटचे बारा किलोमीटर एका भल्या माणसाच्या टेम्पोत बटाट्यांच्या पोत्यांवर बसून. तिघांपैकी एकाही पोराने कुरकूर केली नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते. आमच्या शेजारणीची लाडोबा पोरं असती तर पहिल्याच विमानात भोकाड पसरलं असतं.

ही वही सासूबाईंनी विमानतळावर हातात कोंबली. "निंके, लिहीत जा हो सगळं," म्हणाल्या, "म्हणजे पुढे कुणाचं चुकलं ते तरी कळेल." इतकं गोड बोलावं ते त्यांनीच! चिलीच्या टोकाचं हे बेट म्हणजे त्यांच्या मते पृथ्वीवरून खाली पडायची जागा, आणि तीही जुलैत, म्हणजे इकडच्या ऐन हिवाळ्यात. पण आमच्या शाळांना सुट्टी जुलैतच आणि इथे घरंही याच दिवसांत स्वस्त, मग काय करायचं? पावसाचं कौतुक आम्हाला कुणी सांगू नये. हॉलंडमधल्या फ्रिसलंडची माणसं आम्ही, आमचं गावच समुद्राच्या पातळीखाली आहे.

घर मात्र झकास आहे. पिवळ्या लाकडी फळ्यांचं, आत ही एवढी लोखंडी चूल, आणि खालच्या खोलीची खिडकी अंगणावर उघडणारी. अंगणापुढे कुंपण, कुंपणापुढे कुरण, आणि शंभर पावलांवर रान. डौवेने ते रान पाहिलं आणि हात चोळले. डौवे म्हणजे माझा नवरा. आठवडाभर पाटबंधारे खात्यात कालव्याचं पाणी मोजतो आणि शनिवारी स्काउटच्या पोरांना चिखलातून पळवतो. त्याच्या डोक्यात काय आलं ते मला न सांगता कळलं.

येले बारा वर्षांचा आहे, तो आल्याआल्या लाकडं फोडायला लागला. फेमके नऊ वर्षांची, तिने खिडकीच्या कट्ट्यावर शिंपल्यांचं दुकान मांडलं. सित्से सहाचा, आमचं शेंडेफळ. त्याने काचेवरच्या वाफेत बोटाने आपलं नाव काढलं. तेवढा एकच शब्द त्याला लिहिता-वाचता येतो. सासूबाई म्हणतात, जरा घेऊन बसत जा त्याला. मी बसत नाही. सुट्टी संपली की शाळेत शिकेल. मी बारा वर्षं पोरांना पोहायला शिकवते आहे आणि माझा नियम एकच आहे, काठावरून हात द्यायचा नाही. हात दिला की पोर बुडायला शिकतं. ओरडायचंही नाही. गळ्यात शिट्टी असते, ती पुरते.

घरमालकीण दोन्या हर्मिंदा (दोन्या म्हणजे इकडे 'बाई'), सत्तरीची, पलीकडच्याच घरात राहते. बटाट्याच्या गरम पोळ्या घेऊन आली. तिघांच्या हनुवट्या धरधरून नावं विचारली आणि प्रत्येक नाव मोठ्याने तीनतीनदा म्हणून पाहिलं. नावं तोंडात बसली पाहिजेत, म्हणे. सित्सेचं तिने पार "सिच्चे" करून टाकलं. पोरं हसून हसून लोळली.

गुरुवार, ९ जुलै

इथे रोज चारच्या सुमाराला समुद्रावरून धुकं चढतं. चढतं म्हणजे काय, भिंतच चालत येते. आणि ते कुरणाच्या कडेला दिसलं रे दिसलं की गावातल्या यच्चयावत बायका फाटकाशी येऊन पोरांच्या नावाने बोंब मारायला लागतात. आमच्या हार्लिंगनच्या बंदरात मासळीचा लिलाव चालतो तो यापुढे देऊळ म्हणायचा! प्रत्येक पोराला तीन हाका. पोराने तीनदा ओ द्यायची, धावत यायचं. मग आई त्याच्या डोक्यावर हात ठेवते आणि दार लावते. सोळा-सोळा वर्षांचे घोडेसुद्धा "आलो, आई" करत पळतात. मला तर त्यांचीच लाज वाटली.

दोन्या हर्मिंदाने विचारलं, तुम्ही का नाही बोलावत? मी संध्याकाळच्या वर्गात दोन वर्षं स्पॅनिश शिकले आहे, तेवढ्यावर सांगितलं की आमच्या पोरांच्या मनगटांवर घड्याळं आहेत. तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, "अगं लेकी, हाक न मारलेलं पोर म्हणजे कानाला खूण न केलेलं मेंढरू. ज्याला सापडेल त्याचं."

ज्याला म्हणजे कुणाला, असं डौवेने विचारलं. तर तिने खांदे उडवले. नाव नसतं त्याला, म्हणाली. नाव नाही, आवाज नाही, म्हणून तर दुसऱ्याचा घेतं. आणि आणखी एक नियम सांगितला. जी काय हाक मारायची ती उजेड आहे तोवर. अंधार पडल्यावर पोर बाहेर असलं तरी तोंड उघडायचं नाही, कारण अंधारात मारलेली हाक परत येत नाही. आवाज तिकडेच राहतो.

डौवेने अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं की मग अंधारात शिंक आली तर काय करायचं. म्हातारीच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! पोळ्यांचं ताट उचलून चालती झाली. मी त्याला कोपराने ढोसलं खरं, पण हसू मलाही आवरत नव्हतं.

शनिवार, ११ जुलै

सुट्टी कशी असावी, तर अशी. सकाळी ओहोटीला किनाऱ्यावर गेलो. येलेने दगडाखालून खेकडा काढला, फेमकेला हाताएवढं कालव सापडलं, सित्से गुडघाभर चिखलात रुतला आणि त्याचा एक बूट तिथेच राहिला. रडला नाही. काढ तुझा तूच, म्हटलं. अर्धा तास लागला, पण काढला. दुपारी गावकऱ्यांनी जमिनीत खड्डा खणून तापल्या दगडांवर कालवं, मांस, बटाटे असं सगळं एकत्र शिजवलं, वर ही छत्रीएवढी पानं झाकली. पोरं बोटं चाटत जेवली. घरून आणलेले पावावरचे चॉकलेटचे दाणे कुणी विचारले नाहीत.

परत येताना एक गंमत झाली. चारच्या हाका सुरू झाल्या तशी सित्सेने माझी बाही धरली. "आई, मला पण मार ना हाक. एकदाच."

मी म्हटलं, तू तर माझ्या शेजारी उभा आहेस, गाढवा. तर म्हणाला, मी लांब जातो, मग मार. मी म्हटलं, पाय आहेत, डोकं आहे, घड्याळ आहे, हाक कशाला हवी? फुरंगटून गेला. थोड्या वेळाने लाकडांच्या ढिगामागून आवाज आला, "सित्से! सित्सेऽ! सित्सेऽऽ!" हुबेहूब माझा आवाज, घसा जरा खरवडून काढलेला. आणि लगेच त्याच्या स्वतःच्या आवाजात, "आलो, आई!" मग ढिगामागून धावत आला आणि स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवला.

डौवेच्या आणि माझ्या डोळ्यांत हसून पाणी आलं. सित्से हसला नाही. तो म्हणाला, आत्ता तिकडून पण कुणीतरी करून बघितलं. प्रतिध्वनी रे तो, डौवेने सांगितलं आणि प्रतिध्वनी म्हणजे काय ते समजावलं.

मंगळवार, १४ जुलै

ठरलं. उद्या ड्रॉपिंग!

आमच्याकडे हे केल्याशिवाय कुणी मोठं होत नाही. पोरांचे डोळे बांधायचे, रानात नेऊन सोडायचं, आणि त्यांनी आपलं आपण घर गाठायचं. मोठ्यांनी मदत करायची नाही, मागे जायचं नाही, आवाज द्यायचा नाही. डौवेला आठव्या वर्षी त्याच्या काकाने सोडलं होतं. ओल्या चड्डीने पहाटे घरी पोचला तो किस्सा अजून प्रत्येक वाढदिवसाला सांगतो. मला सोडलं तेव्हा मी पहिली आले होते. येलेने गेल्या वर्षी स्काउटबरोबर केलं. यंदा तिघं एकत्र, म्हणजे मोठ्याने धाकट्यांना सांभाळायचं, हेही शिक्षण. आणि आम्ही काही राक्षस नाही, भर दुपारी सोडणार, तीन किलोमीटरवर. होकायंत्र, पाव, पाणी, आणि येलेच्या गळ्यात माझी शिट्टी.

सित्सेने विचारलं, आणि चार वाजले तर? डौवे म्हणाला, चारला तू चुलीपाशी बसून कोको पीत असशील.

दोन्या हर्मिंदाला कुठून कळलं कोण जाणे, संध्याकाळी धापा टाकत आली. आधी तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग तिला वाटलं, पोरं आमची नाहीत, सावत्र आहेत. मी सांगितलं, तिन्ही माझ्या पोटची आहेत, म्हणून तर एवढी काळजी घेते. तेव्हा ती माझा हात धरून म्हणाली, बरं, सोड बाई सोडायचं तर, पण चारला हाक तेवढी मार. मारायला काय लागतं? तोंडच तर उघडायचं.

डौवे म्हणाला, परीक्षा चालू असताना उत्तर सांगितल्यासारखं होईल ते. मग म्हणाली, तू नको, मी मारीन, नावं माझ्या तोंडात आहेत. आता मात्र मला राग आला. मी स्पष्ट सांगितलं की घर तुझं असेल, पण पोरं माझी आहेत, आणि माझ्या पोरांना पांगळं करायचं नाही. हाक मारलीस तर उद्याच दुसरं घर बघू. ती निघाली. जाताना तिघांच्या डोक्यांवर हात ठेवून गेली, तेही मला आवडलं नाही.

बुधवार, १५ जुलै

दुपारी दोन. सोडून आला डौवे. टेम्पोवाल्याला नेताना सांगितलं नव्हतं, अर्ध्या वाटेत त्याला उमजलं तसा गाडी थांबवून खाली उतरला आणि म्हणाला, मी नाही पुढे येणार. मग डौवेने तिघांना डोळे बांधून, एकमेकांचे हात धरायला लावून पायीच आत नेलं. सित्से म्हणे गाणं म्हणत होता. आणि येलेने आपल्या गळ्यातली शिट्टी काढून त्याला घातली, ते पाहून डौवेला भरून आलं. शहाणं पोर आहे माझं. चुलीवर कोको ठेवला आहे.

तीन वाजून दहा. धुकं आज लवकर निघालं. येऊ दे. होकायंत्राला धुकं कळत नाही.

चार वाजून पंचवीस. गावातल्या हाका सुरू झाल्या तशी म्हातारी माझा शब्द मोडून आमच्या कुंपणाशी उभी! येलेला तीन हाका मारल्या, फेमकेला तीन. धुक्यातून ओ आल्यासारखं मलाही वाटलं, पण ते महत्त्वाचं नाही. मी धावत गेले आणि चक्क तिच्या तोंडावर हात दाबला. तरी तिचे ओठ हलतच होते. तिसरं नाव माझ्या तळहातातच राहिलं. रडत होती. मी तिला दंडाला धरून तिच्या दारापर्यंत पोचवलं. डौवे म्हणाला, जरा जास्तच झालं तुझं. असू दे. दोघांचा निकाल बिघडवला बयेने, निदान धाकट्याला तरी म्हणता येईल की आपला आपण आलो.

पाच वाजून दहा. आली! दिसली! कुरणातून चालत

पाच वाजून चाळीस. दोघंच.

नीट लिहिते. नीट लिहिलं पाहिजे. येले उजवीकडून, फेमके डावीकडून, दोघांचा एकेक हात मध्ये. मध्ये एका पोराएवढी जागा. हात असे धरलेले की कुणालातरी धरलं आहे. फाटक अरुंद आहे, तर तिघांनी यावं तशी तिरकी होऊन आत आली. हसत होती. येले ओरडला, "आलो आई, तिघंही!" मग त्याने मध्ये पाहिलं.

दोघंही शपथेवर सांगतात की कुंपणापर्यंत सित्सेचा हात हातात होता. गरम होता. शेवटी शेवटी जरा थंड झाला, पण होता. येले म्हणतो, कुणीतरी लांबून आम्हाला हाका मारल्या, आम्ही ओ दिली. सित्सेने विचारलं, आता माझी ना? मग तो वाट बघत गप्प झाला.

अंधार पडतोय. मी जाते.

गुरुवार, १६ जुलै

बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

काल मी रानाच्या कडेला उभी राहून त्याला हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा. उजेड कधी गेला ते कळलं नाही. दोन्या हर्मिंदा माझे पाय धरून विनवत होती, आता गप्प बस, लेकी, आता नको, उशीर झाला. मी तिला लाथाडलं. मारतच राहिले. आणि मग एक हाक तोंडातून गेली आणि तिच्यामागून दुसरी आलीच नाही. घसा बसलेला नाही. दुखत नाही. तोंड उघडते, नुसता वारा बाहेर येतो.

तशीच आत घुसले. मुळांचं जाळं आहे तिथे, जमीन अशी नाहीच. उजवा पाय गुडघ्याखाली मोडला. गावकऱ्यांनी उचलून आणलं, फळ्या बांधल्या. बोटीने इस्पितळात न्यायचं म्हणतात. मी मानेने नाही म्हटलं. तो आला आणि मी इथे नसले तर? खालच्या खोलीत, खिडकीपाशी पलंग लावून घेतला आहे.

पोलीस आले. त्यांची कुत्री कुंपणापाशी बसली, ती उठेचनात. डौवे शोधायला जातो आहे, येलेही त्याच्याबरोबर. गावातला एकही जण घरी राहिला नाही. कोणीही मला काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

शुक्रवार, १७ जुलै

सकाळी अकराला ऐकलं. डौवेने ऐकलं, फेमकेने ऐकलं, पोलिसांनीही.

रानातून माझा आवाज. "सित्से!" माझाच, जरा खरवडल्यासारखा, शेवटाला तुटणारा. परवा तुटला होता तस्साच. शोधणाऱ्यांना वाटलं मीच आत आले आहे. डौवेने धावत येऊन खिडकीतून पाहिलं. मी तोंड मिटून पलंगावर. त्याचा चेहरा

आणि मग लांबून, खूप लांबून, "आलो, आई!"

जिवंत आहे. माझं बाळ जिवंत आहे. थकलेला नव्हता. आनंदात होता. हाक पुढे सरकते, तो तिच्यामागे सरकतो. दुपारी उत्तरेला होता, तीन वाजता पार ओढ्यापलीकडे. ते त्याला फिरवतंय. आणि तो धावतोय, कारण आई एकदाची हाक मारतेय.

डौवे त्याला ओरडून सांगतो, थांब, जाऊ नको, ती आई नाही. तो ऐकत नाही. का ऐकेल?

रविवार, १९ जुलै

येले गेला.

पन्नास माणसांच्या मध्ये होता. हाक आली, "येले," माझ्या आवाजात. पण मी कधी बोलले नाही असं काहीतरी पुढे होतं. माणसांना भाषा कळली नाही. डौवेला कळली. दोरी घ्यायला घरी आला तेव्हा तो सांगेना. शेवटी सांगितलं. "शाबास रे माझ्या राजा, दमलास ना, ये." एवढंच. बारा वर्षांचं पोर, हातातली काठी टाकून धावत सुटलं.

डौवे कंबरेला दोरी बांधून त्याच्यामागे गेला. टोक सहा जणांनी धरलं होतं. तासाभराने ओढली तर हलकी लागली. दोरी आणून दाखवली मला. गाठ तशीच, वेढा कंबरेएवढा. सुटलेली नाही, कापलेली नाही.

त्यांचा आवाज येत नाही. सित्सेचा येतो.

सोमवार, २० जुलै

गावकरी आता आत जात नाहीत. मुख्य भूमीवरून माणसं येणार म्हणतात. दोन्या हर्मिंदा दिवसभर माझ्यापाशी असते. माझ्या हातांना तेल चोळते. माफी कशी मागायची? कागदावर लिहून दाखवली. तिने वाचली, घडी घालून चुलीत टाकली. म्हणाली, पोरीला बांध.

फेमकेचं मनगट माझ्या मनगटाला मफलरने बांधलं. तिच्या कानांत लोकर घातली. ती काढते. मी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: ती मी नाही. मी इथे आहे.

तिने वाचलं. म्हणाली, "माहीत आहे मला. पण ती छान बोलते."

मी लिहिलं: मीही बोलेन.

तिने तेही वाचलं. मग म्हणाली, "तू आधी कधी बोललीस?"

मंगळवार, २१ जुलै

दुपारी तीन. हर्मिंदा फादरना आणि चार माणसांना घेऊन यायला गेली आहे. चारच्या आत येते म्हणाली. आम्ही दोघीच. धुकं अजून समुद्रावर आहे. ऊन आहे.

तीन वाजून वीस. तो

तो आहे. रानाच्या कडेला. सित्से. एका पायात बूट नाही. गळ्यात शिट्टी. इकडेतिकडे बघतोय. दमून उभा आहे, हाक थांबली आहे म्हणून. शंभर पावलं. शंभरच.

पाय टेकवत नाही. सरपटत दारापर्यंत सहा मिनिटं लागतात, काल करून पाहिलं. चीज कापायच्या उलथन्याने काच बडवली. त्याने वर पाहिलं. मला पाहिलं! मी तोंड उघडलं. तोंड नुसतं उघडलं. तो थांबला आहे. आई बोलत का नाही, असं तोंड केलंय. ओळखीचं. फुरंगटलेलं.

नाव. नाव वाचता येतं त्याला. या वहीची दोन पानं जोडून, कोळशाने, मोठ्ठं. एका हाताने पान फाटत नाही. मफलर सोडते. एकच मिनिट. फेमके, थांब हं

धरलं काचेला. त्याने पाहिलं. ओठ हलवतोय. वाचतोय. सित्से. वाचलं! हसला! टाळ्या वाजवल्या. कुंपणाकडे आला, वीस पावलं, तीस. हो. हो बाळा. अजून

धुकं कुरणात

हाक. माझी हाक. त्याच्या नावाची एक. दोन. तो थांबला. कागदाकडे बघतो, रानाकडे बघतो. मागे दार वाजलं. माझ्यामागे कुणी नाही. मफलर खाली. फेमके अंगणात. जा, आण त्याला, आण गं

पोचली त्याच्यापाशी. हात धरला. बोट करून त्याला माझ्याकडे दाखवते आहे. नाही. रानाकडे दाखवते आहे. तो मागे बघतो, मी कागद हलवते. तो थांबलाय, अजून थांबलाय, नाव वाचून झालं, पुढचं काय ते वाचायची वाट बघतोय. नाव तर दिलं, पण करायचं काय ते कागदावर नाही. तिकडून आवाज म्हणतोय, ये. नुसतं ये, ये. मी लिहिलं तर त्याला कळणार नाही. एवढं एक अक्षर मी त्याला शिकवलं असतं तर, एवढं एकच —